पऱ्हाटीची बॅटरी, पऱ्हाटीची चूल

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा तालुक्यात दुधाळा येथे गुरुत्वलहरी टिपणारी लायगो प्रयोगशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. विज्ञान आमच्या उंबरठ्याशी आले याचा आम्हाला आनंदच आहे. परंतु वस्तीतल्या अंधाराशी ज्या संशोधनाचा थेट संबंध आहे, त्याची इथे कोणी चर्चाही करीत नाही. ते संशोधन बॅटरीचे आहे.

सोनी कंपनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिचा पाया घालणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल मिळाले. पण लिथियमसाठी आपण परदेशावर अवलंबून आहोत आणि या बॅटऱ्यांत पुष्कळदा लागणारे कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येते, जिथे लहान मुलेही राबतात. म्हणून शास्त्रज्ञ सोडियमकडे, म्हणजे मिठातल्या धातूकडे वळले. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने तिथल्याच आयसर संस्थेच्या साथीने विकसित केलेले सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले.

सोडियमचा आयन आकाराने मोठा. लिथियम ज्या ग्रॅफाइटच्या थरांत शिरते तिथे तो नीट मावत नाही. त्याला वेड्यावाकड्या पोकळ्यांचा 'हार्ड कार्बन' लागतो. शेतातला काडीकचरा हवा न लागू देता हजार अंशांच्या वर तापवला की तो तयार करता येतो. वजनाच्या मानाने वीज कमी साठते, हा दोष खरा. मोटारीला तो नडेल. समाजमंदिराच्या सौर पॅनेलखाली जमिनीवर ठेवलेल्या बॅटरीला वजनाचे काय?

कापसाची पऱ्हाटी आमच्याकडे रगड आहे. उद्या तिच्यापासून कार्बन होऊ लागला तर शेतकऱ्याला दोन पैसे मिळतील, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. पण आज त्याच पऱ्हाटीवर भूमिहीन मजूर बायांची चूल पेटते. तिला भाव आल्यावर मालक ती फुकट उचलू देईल काय? गॅसचे सिलिंडर भरून घेण्याची ऐपत नसलेल्या घराने मग काय जाळायचे? हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणार नाही. तो ग्रामसभेत आत्ताच मांडला पाहिजे.

दुसरी गोष्ट माणसांची. संशोधन आपोआप होत नाही, त्याला वर्षानुवर्षे खपणारी मुले लागतात. देश संशोधनावर सकल उत्पन्नाच्या एक टक्काही खर्च करीत नाही, आणि बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी २०२३ मध्ये आमच्या संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर बसावे लागले. उलट बॅटरीच्या कारखान्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली. कारखानदाराला प्रोत्साहन आणि विद्यार्थ्याला धरणे!

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. त्या नात्याने वीज स्वस्त आणि मुबलक हवी, असा आग्रह त्यांनी धरला होता. साठवलेली वीजही त्यात आलीच.

जुन्या बॅटऱ्यांचे काय, हेही विचारावे लागेल. भंगारातली शिशाची बॅटरी फोडणारा हात कुणाचा असतो, हे वाचकांना सांगायला नको. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. भंगाराच्या दुकानात मात्र हे नियम दिसत नाहीत.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात हिंगोली येते. पऱ्हाटी, सोयाबीनचे भुसकट, हळदीचा पाला यांवर तिथेच प्रयोग व्हावेत, त्यासाठी राखीव प्रवर्गातील संशोधकांना वेळेवर अधिछात्रवृत्ती मिळावी, ही मागणी जिल्ह्यातील आमदारांकडे लेखी करावी. पोच घ्यायला विसरू नये.