रक्तातल्या लोहाची चोरी

मागच्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर एका मावशींनी आम्हाला गाठले. त्यांची नात तीन वर्षांची. आशाताई तिला आठवड्यातून दोनदा लोहाचे पातळ औषध देत. पोरीला ताप भरला तेव्हा ताईंनी सांगितले, "ताप उतरेपर्यंत हे औषध नको." झाले! शेजारणींनी अर्थ काढला की औषधच वाईट. सुनेने बाटली फेकून दिली, त्याला तीन महिने झाले. पोर पांढरी पडत चालली आहे. "दादा, रक्त वाढवणारे औषध तापात वाईट कसे?" मावशींचा प्रश्न.

आम्ही पडलो हिशेब लिहिणारे. पण कारण समजून घेतल्याशिवाय काही मानू नये, ही तथागतांची शिकवण. म्हणून वाचून, जाणत्यांना विचारून जे समजले ते येथे मांडतो.

मोठ्या माणसाच्या शरीरात लोह असते अवघे ३ ते ४ ग्रॅम. त्यातले बरेचसे रक्ताच्या लाल पेशींत. उरलेलेही मोकळे नसते. रक्तातून ने-आण करणारे ट्रान्सफेरिन आणि साठा सांभाळणारे फेरिटिन त्याला घट्ट धरून ठेवतात. आईच्या दुधात आणि अश्रूंतही लॅक्टोफेरिन नावाचा असाच राखणदार असतो. ही तिजोरी कशासाठी? कारण बहुतेक रोगजंतूंनाही वाढायला लोह लागते. जंतू शिरल्याची चाहूल लागताच यकृत हेप्सिडिन नावाचे द्रव्य सोडते. मग आतड्यातून येणारे लोह थांबते, साठ्यातलेही बाहेर पडत नाही. तापात दिलेले लोह रक्ताला फारसे लागत नाही, ते यामुळेच.

जंतूही कमी नाहीत. काही जंतू सिडेरोफोर नावाचे बारीक रेणू बाहेर सोडतात. हे रेणू ट्रान्सफेरिनच्या हातातले लोह हिसकावून जंतूकडे आणतात. शरीर सिडेरोकॅलिन नावाच्या प्रथिनाने त्यांना पकडते. तर साल्मोनेला जंतू आपल्या सिडेरोफोरला साखरेचे रेणू चिकटवून त्या पकडीतून निसटतो. गळवे करणारा स्टॅफिलोकोकस सरळ लाल पेशीच फोडतो.

प्लेगचे उदाहरण घ्या. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग पुण्यात पसरला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीमाई दवाखान्यात आल्या, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी आपल्याला सोडून गेल्या. त्या जंतूजवळही यर्सिनियाबॅक्टिन नावाचा लोहचोर असतो. पुढे शास्त्रज्ञांनी लोह मिळवण्याची ही शक्ती नसलेला दुबळा प्लेगजंतू प्रयोगांसाठी वापरात आणला. तो निर्धोक समजला जाई. पण २००९ साली शिकागोत त्यावर काम करणारे एक संशोधक त्याच जंतूने दगावले. तपासात कळले, त्यांना शरीरात लोह साठत जाण्याचा आनुवंशिक विकार होता आणि तो त्यांना ठाऊक नव्हता. जंतूला चोरी करता येत नव्हती, पण येथे बहुधा तिजोरीच उघडी सापडली.

माणसानेही या चोरीचा उपयोग करून घेतला आहे. सेफिडेरोकॉल हे औषध लोहाला धरून राहते. जंतू लोह समजून ते आत ओढून घेतो आणि मरतो. २०१९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

आता मावशींचा प्रश्न. आशाताईंचे बरोबर होते, शेजारणींचे चुकले. ताप असताना थांबायचे, ते कायमचे नव्हे. ताप उतरला, पोर खेळू लागली की ताईंना विचारून औषध पुन्हा सुरू करायचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ स्त्रियांच्या रक्तात कमतरता आढळली. आपल्या वस्त्यांना हे आकड्यांतून सांगावे लागत नाही. पाण्याचा हंडा उचलताना धाप लागणाऱ्या आयाबहिणी आपण रोज पाहतो. लोह कमी असणे हे जंतूंपासून संरक्षण नव्हे, तो स्वतःच एक आजार आहे. मात्र सिकलसेलसारख्या आजारात ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते, त्यांच्या अंगात लोह साठत जाते. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाची गोळी घेऊ नये.

मावशी, आशाताईंकडून नवी बाटली मागून घ्या. आणि पुढच्या रविवारी सुनेलाही विहारात घेऊन या. अर्धी गोष्ट ऐकून बाटली फेकली गेली. पूरी गोष्ट तिलाही कळली पाहिजे.

जय भीम!