तेरावे

माझा उच्च शिक्षणाला विरोध नाही. मी स्वतः बी.कॉम. आहे (दुसऱ्या खेपेला) आणि गेली बावीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसून "पुढच्या खिडकीत जा" हे काम निष्ठेने करीत आहे. विरोध आहे तो आमच्या भाच्याला एम.ए.ला जे सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवतात, त्याच्या क्रमाला.

परवा तो एक ग्रंथ घेऊन आला. मास-कोलेल, व्हिन्स्टन आणि ग्रीन, १९९५. पाने हजाराला थोडी कमी. लिहायला तिघे का लागले, ते उचलल्यावर कळले.

"मामा, पहिल्याच प्रकरणात माणूस आहे."

मी खूश. पाहतो तर या माणसाला कुठल्याही दोन गोष्टींतली आपल्याला कोणती बरी, हे पक्के ठाऊक! चहापेक्षा कॉफी आवडते आणि कॉफीपेक्षा कोकम, तर चहापेक्षा कोकम आवडलेच पाहिजे. चपलांच्या दुकानात तिसऱ्या जोडापाशीच माझे हे गृहीतक कोलमडते आणि शेवटी हीच चौथा जोड उचलून पैसे देऊन टाकते.

बरे, या शहाण्याच्या सिद्धता घोकून हाती काय? १९७०च्या दशकात सोनेनशाईन, मँटेल आणि डेब्रू यांनी गणितानेच दाखवले, की असले शहाणे कितीही गोळा करा, साऱ्या बाजाराची मागणी कशी वागेल हे फारसे सांगता येत नाही. डोंगर पोखरायचा, आणि निघाला तो उंदीरच का, याचीही खात्री नाही!

आता खरी गोष्ट. २०१२ साली आमच्या खिडकीशी एक भाजीवाली मावशी आली. हातगाडीसाठी पंधरा हजार हवे होते. तारण नाही, जामीन नाही. "साहेब, व्याज जास्त लावा, पण द्या." साहेबांनी नाही म्हटले. ती सावकाराकडे गेली. गिऱ्हाईक जास्त भाव देत असताना दुकानदार माल का विकत नाही, हे कोडे मला बी.कॉम.ने सोडवून दिले नव्हते.

ते सुटले भाच्याच्या वहीत. अकरलॉफने १९७० साली जुन्या मोटारींवर निबंध लिहिला. आपण गाडीला लिंबू बांधतो. अमेरिकेत वाईट निघालेल्या गाडीलाच लिंबू म्हणतात. लिंबू कोणते ते विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. त्याच निबंधात आपल्याकडचा सावकारही आहे. पुढे १९८१ साली स्टिग्लिट्झ आणि वाइस यांनी दाखवले, की व्याज वाढवले तर सरळ कर्जदार मागे हटतात आणि 'बुडाले तर बँकेचे' म्हणणारे पुढे सरसावतात. म्हणून बँक व्याज वाढवण्याऐवजी नाहीच म्हणते. म्हणजे मावशी खोटी नव्हती. आम्हाला तिची ओळख नव्हती. हे तेव्हा ठाऊक असते तर "कागद पुरे नाहीत" म्हणण्याऐवजी ती अडत्याची उधारी कशी फेडते, एवढे तरी मी विचारले असते. २०२० साली फेरीवाल्यांसाठी विनातारण कर्जाची सरकारी योजना आली, ती याच वाटेने: छोटे फेडा, मग मोठे घ्या. फेडीतून ओळख!

"मग हे पहिल्या दिवशी का शिकवीत नाहीत?"

"हा विषय तेराव्या प्रकरणात आहे, मामा. तिथवर टर्म संपते. आमचे सर म्हणतात, आधी पाया पक्का हवा."

पाया हवा, कबूल. पण जन्मभर पायाच भरीत बसलात तर बिऱ्हाड कधी करणार? हीच पोरे उद्या कर्जाच्या योजना आखणार, आणि मावशीची त्यांची गाठच पडलेली नसणार.

आपल्याकडे माणूस गेल्यावर तेरावे घालतात. अर्थशास्त्रात माणूस यायचा तोच तेराव्याला. आणि तोवर पोरे पेपर टाकून घरी गेलेली असतात.