विमानाला नाव राजकन्येचं, पण आतल्या बाईला?

घोडपदेवच्या आमच्या घरी गावाकडचे पाहुणे आले की राणीबाग ठरलेली. प्राणी बघून झाले की मी त्यांना तिथल्याच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात नेते. १८७२ सालचं हे संग्रहालय. तिथल्या मातीच्या छोट्या पुतळ्यांपाशी बायका हमखास रेंगाळतात. जुन्या मुंबईत कोण काय काम करायचं, काय नेसायचं, ते त्यात दिसतं नं!

विमानांचं असं काही आपल्या मुंबईत असायला हवं होतं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाची थैली घेऊन जुहूला उतरले. त्याच कंपनीची १९४६ मध्ये एअर इंडिया झाली, आणि ८ जून १९४८ ला तिचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं. एवढं सगळं इथं घडलं, पण प्रवासी विमानांच्या इतिहासाला वाहिलेलं मोठं संग्रहालय काही इथं झालं नाही.

मी पाहिलं ते जुनं प्रवासी विमान गोव्यात, दाभोळी विमानतळाजवळ बोगमाळोच्या नौदल संग्रहालयात. सुपर कॉन्स्टेलेशन त्याचं नाव. चार पंख्यांचं, मागे तीन शेपट्या, माशासारखं बाकदार अंग. आधी ते एअर इंडियाचं होतं, पुढे हवाई दलाकडे आणि मग नौदलाकडे गेलं. उघड्यावर उभ्या असलेल्या त्या धुडाशेजारी लोक फोटो काढत होते. माझ्या मनात मात्र एकच, यात ट्रे घेऊन फिरणाऱ्या मुली कोण असतील?

कारण विमानांना नावं काय सुंदर दिली होती! 'मलबार प्रिन्सेस', 'काश्मीर प्रिन्सेस'. आणि आत काम करणाऱ्या हवाई सुंदरीला नियम काय, तर नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलंस तर घरी. पहिल्यांदा दिवस गेले तर घरी. नाहीतर पस्तिशीला घरी. मुदतवाढ हवी तर ती साहेबांच्या मर्जीवर. त्याच विमानातले पुरुष कर्मचारी ५८ पर्यंत नोकरीत!

नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेल्या. ऑगस्ट १९८१ मध्ये निकाल लागला. गरोदरपणाची अट कोर्टानं रद्द केली, मुदतवाढीतली साहेबांची मनमानीही. चार वर्षांत लग्न नको, हे मात्र कोर्टाला रास्त वाटलं. आजही ते वाचताना माझं डोकं तापतं. अर्धा निकाल हातात घेऊन त्या बायका पुन्हा ड्युटीवर गेल्या असतील, नाही का? पुढे चारच वर्षांनी, १९८५ मध्ये, कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कोलकाता ते सिल्चर विमान नेलं. त्या उड्डाणातल्या सगळ्या कर्मचारी बायका होत्या.

मैत्रिणींनो, शिर्डी-कोल्हापूरहून आता विमानं उडतात. तालुक्याच्या गावातल्या मुलीही 'केबिन क्रू' व्हायचं म्हणतात. त्यांना नटणं-बोलणं शिकवतील, पण नर्गेश मिर्झांचं नाव कोण सांगणार?

एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटांकडे गेली. तिच्याकडची नामांकित चित्रं २०२३ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवली. चित्रांची सोय झाली, छान झालं. पण गणवेशाच्या साड्या, बिल्ले, ड्युटीचे तक्ते, घरी पाठवलेली पत्रं? ती निवृत्त बायकांच्या ट्रंकांमध्ये असणार, आणि घर बदलताना रद्दीत जाणार. सरकारनं आणि कंपन्यांनी मिळून जुहूला एक दालन तरी उभारावं. नुसती इंजिनं मांडू नका. त्या साड्या मांडा, सौदामिनीताईंच्या उड्डाणाची हकिगत लावा. आणि लग्न-गरोदरपणाच्या त्या नियमांची छापील प्रतही हवी हं, काचेच्या पेटीत, 'मलबार प्रिन्सेस'च्या फोटोशेजारी.