जुनी भिंगं, नवा डबा

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही तिघं सांवेरला जाऊन आलो. सांवेर म्हटलं की आमच्या गावात पहिला प्रश्न येतो, "कुठं आलं हे?" इंदूरहून उज्जैनला जाताना वाटेत लागणारं हे तालुक्याचं गाव. तिथल्या देवळातला मारुती डोकं खाली करून उभा आहे, म्हणून 'उलट्या हनुमाना'चं गाव अशीही त्याची ओळख. माझं ते आजोळ. होळकरांच्या मुलखात पिढ्यान् पिढ्या राहिलेली अशी मराठी घरं तिकडे पुष्कळ. त्यांच्या मराठीत हिंदी मिसळलेली, तशी आपल्या मराठीत कानडी. मामा फोनवर विचारतात, "कधी येऊन राहिलीस?" आणि मी "काय करायलाय मामा?" म्हटलं की पलीकडे मामी हसतात. पुण्याची माणसं आम्हा दोघांनाही हसतात, ते सोडा.

तर मामांची गोष्ट. मामा शाळेत शिक्षक होते आणि लग्नसराईत फोटोग्राफर. आजूबाजूच्या खेड्यांतली कितीतरी लग्नं त्यांनी काढली. आता त्यांना काचबिंदू झालाय. कडेचं दिसणं हळूहळू गेलं. मधलं बरंच शिल्लक आहे, ते टिकावं म्हणून रोज थेंब घालतात. गेलेली नजर परत येत नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

मागच्या मे महिन्यात मी एकटीच गेले होते, तेव्हा मामांनी कपाटातली कॅनव्हासची पिशवी माझ्यासमोर ठेवली. आत निकॉनचा एफएम-२, त्याची दोन भिंगं, एक ५० मिलिमीटरचं आणि एक १०५ चं. शिवाय रशियन झेनिट आणि त्याचं ५८ चं हेलिऑस भिंग.

"मुलगा विकून टाका म्हणून राहिलाय," मामा म्हणाले. "तू घेऊन जा. पण वापर. कपाटातच ठेवणार असशील, तर इथलं कपाट काय वाईट आहे?"

मी पिशवी घेतली. मामींकडे पाहिलं तर त्या पाणी आणायला आत गेल्या होत्या. का गेल्या, ते मला कळत होतं.

घरी आल्यावर खरी अडचण सुरू झाली. रोल धुऊन देणारा आमच्या गावात आता कुणी उरलेला नाही. लेकीने सुचवलं, भिंगं जुनीच ठेवू, बॉडी डिजिटल घेऊ. यांना तो खर्च पटेना. "साकु, मोबाईल आहे की," म्हणाले. आमच्या अत्ते मात्र भिंग हातात घेऊन खिडकीशी धरून बघत होत्या. त्यांनी एकाच वाक्यात निकाल दिला, "कण्ण छलो इद्र साकु." कॅमेऱ्याचा डोळा चांगला असला की पुरे. अत्तेंपुढे आमच्या घरात अपील नाही.

पेपर तपासणीचे पैसे आले होते. मी एका दुकानात गेले आणि वापरलेली लहानशी डिजिटल बॉडी घेऊन आले. "निकॉनचं भिंग ना? मग निकॉनच्या कुठल्याही बॉडीला चालतं," असं दुकानदार म्हणाला आणि मी मान डोलावली. कॉलेजात मुलांना 'संदर्भ तपासा' म्हणून सांगणारी मी, स्वतः मात्र काहीच तपासलं नाही. भिंग बॉडीवर बसलं, अगदी टक्क आवाज करून बसलं. पण प्रकाश मोजणारं यंत्र मुकं. शटरचा वेग आणि ॲपर्चर अंदाजाने ठेवायचं, फोटो काढायचा, पडद्यावर पाहायचा, परत काढायचा. लेकीला ते जमलं असतं. पण फोकस? त्या बॉडीच्या खिडकीतून चेहरा आगपेटीवरच्या चित्राएवढा दिसे. माझी नजर चांगली असूनही दहातले सहा फोटो धूसर आले. मामांचा विचार मनात आला आणि मी ती बॉडी काही रक्कम सोडून परत केली.

मग मात्र मी आणि लेक वही घेऊन बसलो. त्या वहीतलं थोडं तुम्हाला सांगते, कारण वाचकहो, तुमच्याही माळ्यावर अशी एखादी पिशवी असेल.

मुख्य गोष्ट एकच, अंतर. भिंग जिथे बसतं ते बॉडीचं तोंड आणि आतली फिल्म (किंवा सेन्सर), यांच्यातलं अंतर प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलेलं असतं. निकॉनचं १९५९ पासून ४६.५ मिलिमीटर. झेनिटचं आणि जुन्या पेंटॅक्सचं आटे फिरवून बसवायचं भिंग ४५.४६ चं. कॅननच्या जुन्या एफडी भिंगांचं ४२. कॅननने १९८७ मध्ये नवी ईएफ पद्धत आणली, तिचं ४४. मिनोल्टाच्या जुन्या हाताने फिरवायच्या भिंगांचं ४३.५.

हे मिलिमीटर एवढे महत्त्वाचे का? चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरला की लांबचं नीट दिसत नाही, तसंच हे. भिंग ठरल्या अंतराहून पुढे गेलं की जवळचं स्पष्ट येतं, पण दूरचा डोंगर, देवळाचा कळस, कधीच स्पष्ट येत नाही. बॉडीचं अंतर भिंगाच्या अंतरापेक्षा कमी असेल, तर मधल्या फटीत तेवढ्या जाडीची कडी, म्हणजे ॲडाप्टर, बसवून हिशेब पुरा करता येतो. बॉडीचं अंतर जास्त असेल तर कडी काय करणार? धातू घालता येतो, काढता येत नाही. म्हणून मामांचं हेलिऑस कॅननच्या ईएफ बॉडीवर कडी लावून चालतं, पण निकॉनच्या आरशाच्या बॉडीवर दूरचं धरत नाही. मध्ये काचेचा तुकडा असलेल्या कड्या मिळतात, पण त्या काचेने चित्राचा कस कमी होतो.

नव्या, आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांनी हे भांडण मिटवलं. आरसाच नाही, त्यामुळे त्याच्यासाठी जागा सोडायला नको. सोनीच्या ई तोंडाचं अंतर १८ मिलिमीटर, निकॉनच्या झेड तोंडाचं १६, कॅननच्या आरएफचं २०. आरशाच्या जमान्यातलं जवळपास प्रत्येक भिंग कडी लावून त्यांवर बसतं, आणि दूरचंही धरतं. एका पिशवीत दोन घराण्यांची भिंगं असली, जशी मामांच्या होती, तर मार्ग हाच.

पण निवडताना आणखी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, सगळी भिंगं एकाच घराण्याची असतील तर आधी त्याच घराण्याची बॉडी पाहा. निकॉनच्या डी-२०० किंवा डी-७००० सारख्या बॉडी १९७७ नंतरच्या हाती भिंगांवरही प्रकाश मोजतात. लहान, स्वस्त बॉडींपैकी बऱ्याच मोजत नाहीत. १९७७ पूर्वीचं भिंग मात्र जोर लावून बसवू नका. त्याची मागची कड काही डिजिटल बॉडींची खिटी मोडू शकते. पेंटॅक्सवाल्यांची सोय चांगली आहे. १९७५ पासूनची त्यांची के पद्धतीची भिंगं त्यांच्या डिजिटल एसएलआर बॉडींवर सरळ बसतात. मेनूत ॲपर्चरची कडी वापरायला परवानगी दिली आणि हिरवं बटण दाबलं की प्रकाशही मोजला जातो.

दुसरी, सेन्सरचा आकार. फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर. परवडणाऱ्या बऱ्याच डिजिटल बॉडींचा सेन्सर तिच्याहून लहान असतो, तो चित्राचा मधलाच भाग घेतो. ५० चं भिंग मग ७५ सारखं वागतं आणि १०५ चं जवळपास १५७ सारखं. पूर्ण चौकटीची बॉडी महाग. आम्ही लहान सेन्सरवर समाधान मानलं.

तिसरी, भिंगाची तब्येत. अंधारात मागून टॉर्च मारून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. चामड्याच्या पेटीत ओल धरते, म्हणून पावसाळ्यात भिंग पेटीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावं. मामांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली होती, म्हणून वाचली.

चौथी, घरातला जुना कॅमेरा नीट बघा. आपल्याकडे घरोघरी असलेल्या याशिकांपैकी पुष्कळांचं भिंग निघतच नाही. तो कॅमेरा आठवण म्हणून ठेवावा. त्याच्यासाठी बॉडी शोधत फिरू नये.

शेवटी आम्ही वापरलेली, आरसा नसलेली बॉडी आणि दोन कड्या घेतल्या. सुरुवातीला बटण दाबलं तरी फोटो निघेना. कडीला विजेची जोडणी नसते, त्यामुळे बॉडीला भिंग असल्याचं कळतच नाही. मेनूत 'भिंगाशिवाय शटर चालू' हा पर्याय दिला, मग सुरळीत.

तो कॅमेरा घेऊन डिसेंबरात सांवेर गाठलं. इंदूरला उतरल्यावर पोहे-जिलेबी खाताना मी लेकीला लाला दीनदयाळांबद्दल सांगितलं. मेरठजवळच्या सरधान्यात १८४४ साली जन्मलेला हा माणूस रुरकीला शिकला आणि १८६६ मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात आराखडे काढण्याच्या नोकरीला लागला. फोटोग्राफीचा नाद तिथलाच. तुकोजीराव होळकर दुसरे आणि इंग्रज अधिकारी हेन्री डेली यांनी त्याला उत्तेजन दिलं. पुढे हैदराबादच्या निजामाने त्याला 'राजा' केलं आणि हिंदुस्थानातल्या मोठ्या फोटोग्राफरांत त्याचं नाव झालं. २००६ साली त्याच्यावर टपाल तिकीटही निघालं. त्या काळी कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, आणि भिंग एका फळीवर बसवलेलं. फळी काढायची, दुसऱ्या पेटीला लावायची. जुनं भिंग नव्या पेटीला जोडायचा खटाटोप आमच्यापासून सुरू झालेला नाही.

मामा ओसरीवर उन्हात बसले होते. मी काही न बोलता कॅमेरा त्यांच्या हातात दिला. १०५ चं भिंग लावलेलं होतं. बोटांनी कडी चाचपून ते म्हणाले, "हे माझं."

"तुमचंच. फक्त डबा बदललाय."

त्यांनी डोळा लावला, आणि लगेच काढला. "मला फोकस नाही दिसत, बेटा. एफएम-२ मध्ये मधल्या गोलातल्या दोन अर्ध्या जुळवायच्या असत. ते बंद झालं म्हणून तर..."

लेकीने त्यांचं बोट धरून एक बटण दाबायला लावलं. या कॅमेऱ्याच्या खिडकीत काच नसते, छोटा पडदा असतो. बटण दाबलं की चित्राचा मधला तुकडा कितीतरी पट मोठा होतो. शिवाय जिथे फोकस लागेल तिथल्या कडा लाल होतात. मामा बराच वेळ कडी फिरवत राहिले. मग एकदम थांबले.

"तुळशीचं पान," ते म्हणाले. "शिरा दिसून राहिल्यात."

मामी दारात गराडू कापत बसल्या होत्या. "माझं काय नको, तोंड सुद्धा धुतलेलं नाही," त्या म्हणाल्या. खरं सांगायचं तर एवढ्या लग्नांचे फोटो काढणाऱ्या माणसाच्या घरात मामींचा धड एक फोटो नव्हता. रोल गिऱ्हाइकाचा, तो घरच्यावर कशाला घालवायचा, असा दोघांचाही हिशेब. मामा उठले. लहान सेन्सरमुळे १०५ चं भिंग लांबचं झालेलं, ओसरी अपुरी पडली. ते मागे मागे सरकत अंगणाच्या पायऱ्या उतरले. कडेचं दिसत नाही म्हणून लेकीने दंड धरला होता. सात-आठ फोटो काढले. पाच धूसर आले. एकात मामी कपाळावरचे केस मनगटाने मागे सारताहेत, हातात सुरी तशीच. तो लख्ख आला.

रात्री तो टीव्हीवर लावला. मामा खुर्ची ओढून पडद्यापासून हातभर अंतरावर बसले. "म्हातारी झालीस गं," म्हणाले. मामी म्हणाल्या, "आत्ता कळलं?"

कॅमेरा आम्ही सांवेरलाच ठेवला. लेकीची थोडी कुरकुर झाली, पण हेलिऑस तिने बरोबर आणलं. त्याच्यासाठी बॉडी पुढच्या वर्षी बघू. यांनी हिशेब ऐकून "नोडोण" म्हटलंय. आमच्या घरात "नोडोण" म्हणजे नकार नसतो.

मामांचा परवा फोन आला होता. शेजारच्या मुलीच्या साखरपुड्याला त्यांना बोलावलंय. जेवायला नव्हे, फोटो काढायला.