मुका संगणक आणि उघडी आज्ञावली

मालवणच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फेरफटका मारलात तर एखादा खलाशी होडीच्या इंजिनाचे झाकण काढून आत डोके घालून बसलेला दिसेल. त्याने हे शिक्षण कोणत्याही शाळेत घेतलेले नसते. इंजिन उघडता येते, पाना लावता येतो आणि काय बिघडले ते डोळ्यांनी पाहता येते, एवढ्यावर त्याचे काम भागते. आता शाळेच्या संगणक कक्षात या. एखाद्या संगणकातून आवाज येईनासा झाला की आपण काय करतो? ‘साउंड गेला’ असे म्हणतो आणि त्यावर कापड टाकून ठेवतो. माझी तक्रार त्या कापडाबद्दल आहे.

संगणकाला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची आपली एक बोली असते. ती बोली जाणणारी छोटी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. (एसटीच्या ड्रायव्हरशी त्याचे नाते नावापुरतेच!) गाणे ऐकताना सेकंदाला ४४,१०० वेळा, डाव्या आणि उजव्या बाजूसाठी एकेक आकडा ध्वनी-चिपकडे जावा लागतो. ड्रायव्हर ते आकडे वेळेवर पोहोचवतो आणि चिप त्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करते. ड्रायव्हर नसेल तर चिप धडधाकट असूनही संगणक मुका.

मोडेमचे काम याच जातीचे. टेलिफोनच्या तारेतून साधारणपणे ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढ्याच कंपनसंख्येचे आवाज जातात. म्हणून मोडेम संगणकाचे शून्य-एक आवाजात बदलतो आणि पलीकडचा मोडेम त्या आवाजाचे पुन्हा शून्य-एक करतो. तुमच्या वडीलधाऱ्यांना ती किंचाळी आठवत असेल. १९९० नंतरच्या दशकात उत्पादकांनी एक काटकसर केली. मोडेमवरची गणित करणारी चिप काढून टाकली आणि ते गणित संगणकाच्या मुख्य प्रक्रियकावर सोपवले. मोडेम स्वस्त झाला. पण त्याचे सारे कसब आता एका आज्ञावलीत होते, आणि ती आज्ञावली बहुधा विंडोजपुरतीच व कुलूपबंद मिळे.

२००७ सालची गोष्ट सांगतो. किनाऱ्यावरच्या एका शाळेला देणगी म्हणून एक संगणक मिळाला होता. त्यावर आम्ही लिनक्स बसवले. लिनक्स म्हणजे हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, जगापुढे ठेवलेला प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल. त्याची मूळ आज्ञावली कोणीही वाचावी, बदलावी आणि वाटावी असा त्याचा परवाना आहे. आमच्या संगणकात आवाज नव्हता आणि मोडेमही चालत नव्हता. ध्वनीच्या ड्रायव्हरची नवी मूळ आज्ञावली ‘आल्सा’ या प्रकल्पाकडून मिळत होती. यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प २००३ अखेर आलेल्या २.६ आवृत्तीपासून लिनक्सच्या कर्नलचाच भाग झाला. नववीची दोन मुले आणि मी, असे तिघे कामाला लागलो.

‘मेक’ ही आज्ञा दिली की संकलक मूळ आज्ञावली वाचून यंत्राला समजेल असा भाग तयार करतो. पहिल्या शनिवारी त्याने चुकांची पानभर यादी दिली. ती नीट वाचल्यावर कळले की आमच्या कर्नलच्या शीर्षक-फायली संगणकावर नव्हत्याच. त्या आणल्या. दुसऱ्या शनिवारी ड्रायव्हर घडला, कर्नलमध्ये बसलाही. आणि आवाज नाहीच! तासभर डोके खाजवल्यावर एका मुलाला पडद्यावर ध्वनीच्या पट्टीखाली ‘एमएम’ अशी दोन अक्षरे दिसली. आल्सामध्ये सुरुवातीला आवाज बंदच ठेवलेला असतो. एक कळ दाबली आणि चाचणीची एकसुरी खळखळ सुरू झाली. मुलगा ओरडला, “सर, ह्यो तर दर्याचो आवाज!”

मोडेमच्या बाबतीत मात्र आम्ही हरलो. उत्पादकाने दिलेल्या ड्रायव्हरचा थोडा भाग उघडा होता, पण गणिताचा भाग आधीच संकलित करून बंद केलेला होता. कर्नलची अंतर्गत रचना आवृत्तीगणिक बदलते. मूळ आज्ञावली हाती असेल तर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा घडवता येतो. बंद तुकड्याचे तसे करता येत नाही. तोच संगणक, तीच मुले, तेच शनिवार. एके ठिकाणी पाना लागला आणि दुसरीकडे झाकणच सांधून टाकलेले होते.

आंबोली घाट चढून पलीकडे बेळगावला जा. अतुल चिटणीस त्या गावात वाढले, तेथील गोगटे तंत्रज्ञान संस्थेत यांत्रिक अभियांत्रिकी शिकले आणि पुढे बंगळूरला १९८९ मध्ये त्यांनी मोडेमवरून निरोपांची देवघेव करणारी ‘सिक्स’ ही सेवा सुरू केली. १९९६ मध्ये ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाने लिनक्सची तबकडी अंकासोबत वाटली, त्या उपक्रमामागे ते होते. या तबकडीचे मोल समजण्यासाठी एक गणित करा. ६५० मेगाबाइटची तबकडी सेकंदाला २८,८०० बिट्‌सच्या मोडेमवरून उतरवायला पन्नास तास लागतील, तेही लाइन एकदाही न तुटता! चिटणीस २०१३ मध्ये वारले.

आता कोणी शिक्षक म्हणतील, टेलिफोनचे मोडेम केव्हाच अडगळीत गेले आणि ध्वनीचे ड्रायव्हर तर हल्ली लिनक्समध्ये आयतेच येतात, मग मुलांना हा खटाटोप कशाला? आयते येतात हे खरे. पण ते आयते येतात, कारण कोणीतरी ते लिहून उघड्यावर ठेवले. आपल्या रापणीसारखेच हे आहे. दोर सर्वांनी मिळून ओढायचा. रापणीत ओढणाऱ्याला वाटा मिळतो, इथे न ओढणाऱ्यालाही मिळतो. दुसरे असे, की १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत आधार संपला आणि पुष्कळ जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. शाळाशाळांतून चांगली यंत्रे भंगारात निघण्याची ही वेळ आहे. त्यांतली बरीचशी लिनक्सवर आणखी काही वर्षे चालतील. पण झाकण उघडायला न घाबरणारे कोणीतरी शाळेत हवे.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे, की एक जुने यंत्र मोडतोडीसाठी बाजूला काढा. चुकीचा ड्रायव्हर बसवला तर संगणक गोठू शकतो, तेव्हा कार्यालयाच्या कामाचे यंत्र त्यासाठी वापरू नका. प्रथम नोंदवहीत ‘नमस्कार’ एवढेच लिहिणारा दहा-बारा ओळींचा कर्नलचा भाग मुलांकडून घडवून घ्या. मग ध्वनीचा ड्रायव्हर काढायला लावा, आवाज जाईल. तो पुन्हा घडवून बसवायला लावा. आणि मुलांनो, या कामाची एक वही ठेवा. चिपचे नाव, कर्नलची आवृत्ती, कोणती चूक आली आणि ती कशाने गेली, हे तारखेसह लिहा. पुढच्या वर्षीच्या नववीला ती लागेल.