गेटाबाहेरची माणसे

कामाच्या जागी माणूस सुरक्षित ठेवायचा तर पैसा लागतो, आणि पैसा तर नाही, असे मान हलवून सांगणाऱ्या शहाण्यांचा मला हल्ली भारी कंटाळा आला आहे.

दिवाळीचा फराळ आटोपतो न आटोपतो, तोच आमचे नांदूरघाट रिकामे होऊ लागते. केज तालुक्यातले हे गाव. इथली, आणि साऱ्या बीड जिल्ह्यातली, माणसे कोयता घेऊन उसाच्या मुलखात निघतात. माझ्या वर्गातले मागचे बाक तेव्हा ओस पडतात. वाचकहो, तुमच्या करंजीतली साखर गोड आहे ना? मग चार शब्द ऐकून घ्या.

1948 च्या कारखाने कायद्याने फिरत्या यंत्राला कठडा घालायला लावला, दर 150 कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी ठेवायला लावली. फार चांगले केले. पण ज्या उसावर ते यंत्र फिरते, तो तोडणारा माणूस गेटाच्या बाहेर! तो म्हणे मुकादमाचा. उचल मुकादमाने दिली, बोली मुकादमाशी झाली. तेव्हा बोट तुटले तर तेही मुकादमाचे. आणि मुकादम म्हणतो, बोट तुझे.

खर्च झेपत नाही म्हणता? अहो, मागतो आहे कोण विमान? डोक्यावर मोळी घेऊन बाई अरुंद फळीवरून ट्रकवर चढते. पहाटेच्या दवाने फळी ओली झालेली. तिच्यावर वीतवीत अंतराने आडव्या पट्ट्या ठोकल्या तर पाय घसरत नाही. पट्ट्या मोडक्या खोक्याच्या चालतात, खिळे मूठभर. रात्री उसाने लादलेली ट्रॉली रस्त्यात बंद पडते, आणि मागून येणारा मोटारसायकलवाला अंधारात तिच्यावर आदळतो. तिथे चकाकणारी लाल पट्टी हवी. पाचटात साप असतो, त्याला गमबूट.

काटकसर मात्र या बायकांना शिकवू नका. बोटांना चिंध्या गुंडाळून त्या हातमोजे करतात. एक दिवस चुकला की खाडा. मजुरी बुडतेच, वर दंड. 2019 साली सरकारी समितीपुढे आमच्या जिल्ह्याचा आकडा आला: पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली. काही दवाखान्यांचा लोभ त्यात आहेच, पण खाड्याची धास्तीही आहे. सणाच्या अंकात हे लिहू नये, असे कोणी म्हणेल. मग कुठे लिहू? बाकीचे वर्ष मला कोण विचारतो!

प्रत्येक गाडी अखेर कारखान्याच्या वजनकाट्यावर येते. तिथे उसाचे वजन कसे काटेकोर नोंदवतात! त्याच कारकुनाने आणखी एवढेच पाहावे: गाडीमागे लाल पट्टी आहे का, फळीवर पट्ट्या आहेत का, टोळीपाशी औषधाची पेटी आहे का. नसेल तर भरली गाडी परत धाडू नये, त्यात मजूरच मरेल. त्या वस्तू भांडारातून तिथल्या तिथे द्याव्यात, खर्च कारखान्याच्या खात्यावर टाकावा, उचलीतून कापू नये. संचालकांच्या सभेला चहा-चिवडा लागतो. वहीत त्या ओळीखाली ही एक ओळ सहज मावेल.