टाकीची उंची आणि शॉवरची धार
बेंगळुरूच्या पूर्वेकडील मारतहळ्ळीत अनेक इमारती बोअरवेल आणि टँकरवर अवलंबून आहेत, आणि असे पाणी बहुधा जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. हे क्षार शॉवरच्या बारीक छिद्रांत पांढरे थर धरून बसतात आणि सरळ पडणाऱ्या धारा वाकड्यातिकड्या उडू लागतात. म्हणून कोणताही खर्च करण्याआधी जाळी उतरवून काही वेळ पातळ व्हिनेगरमध्ये बुडवावी व जुन्या टूथब्रशने घासावी. वरच्या मजल्यांवर मात्र खरी अडचण उंचीची असते: पाण्याचा दाब त्याच्या स्तंभाच्या उंचीवर ठरतो, १० मीटरला सुमारे १ बार, त्यामुळे गच्चीवरील टाकीतल्या पाण्यापासून जेमतेम ३ मीटर खाली असलेल्या शॉवरला ०.३ बारच दाब मिळतो, आणि नुसती अधिक लिटरची टाकी आणल्याने त्यात काहीच फरक पडत नाही, हे घरमालकांना आवर्जून सांगितले पाहिजे. टाकी उंच चौथऱ्यावर चढवणे, अरुंद नळी बदलून रुंद घालणे, किंवा टाकीनंतरच्या नळीवर दाब वाढवणारा छोटा पंप बसवणे, हे खरे उपाय होत. तोच पंप रस्त्यावरून येणाऱ्या जलवाहिनीला थेट जोडणे म्हणजे शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढून घेणे होय.